कॉर्न स्नेक खाल्लेलं ओकतोय, लेपर्ड गेको तोंड लावत नाही. पेटीत काय चुकतंय?

रीडिंगकर
मुक्काम रीडिंग, इंग्लंड. मुलाच्या (वय ११) हट्टापायी एक कॉर्न स्नेक (बिनविषारी साप) आणि एक लेपर्ड गेको (पालीसारखा प्राणी) घेतलेत. दोन्ही आधीच्या मालकाकडून, पेट्या आणि सगळ्या सामानासकट.

साप: साधारण ५ महिन्यांचा, वजन १६ ग्रॅम. ९० सेंमी लांब लाकडी पेटी, समोर सरकत्या काचा. पेटीखाली हीट मॅट, थर्मोस्टॅट ३० अंशांवर. दर ५ दिवसांनी एक फझी, म्हणजे लव फुटलेलं उंदराचं गोठवलेलं पिल्लू. गेल्या दोन्ही वेळी तिसऱ्या दिवशी अर्धवट पचलेलं बाहेर काढलं. वास असा की खिडक्या उघडाव्या लागल्या.

गेको: मादी, ३ वर्षांची. ६० सेंमीची काचेची टाकी, तळाला पांढरी कॅल्शियम सँड, वर लाल बल्ब, तो २४ तास चालू. दोन आठवडे रातकिड्यांकडे ढुंकून बघत नाही. महिन्याभरात ५२ ग्रॅमवरून ४६ वर आली. मागच्या पायांच्या बोटांवर कात अडकली आहे.

जागा कमी आहे. मोठी पेटी घेऊन मध्ये जाळी लावून दोघांना एकत्र ठेवता येईल का? आणि सापाचं अन्न बदलावं का?

सरपट
अन्नाचं नंतर बघू. आज सापाला काहीही देऊ नका, हातातही घेऊ नका, आणि मला चार आकडे द्या.

१. पेटीच्या आत, मॅटच्या बरोब्बर वर, भुशाखालच्या तळाचं तापमान. काचेला चिकटवायचा गोल काट्याचा थर्मामीटर यासाठी कुचकामी आहे, तो काचेचं तापमान सांगतो. तारेच्या टोकाला सेन्सर असलेला डिजिटल घ्या, टोक तळाला टेकवा आणि दोन तासांनी वाचा.
२. थंड बाजूचं तापमान, त्याच पद्धतीने.
३. एका फझीचं वजन.
४. थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान टिपणारं तारेचं टोक, नेमका कुठे आहे? पेटीच्या आत की बाहेर?

शिवाय खाल्ल्यावर किती वेळाने त्याला हातात घेता, तेही लिहा. गेकोच्या टाकीतही बल्बखालचं आणि लांबच्या कोपऱ्याचं तापमान बघून ठेवा.

कोकणी_कासव
माझ्या मते खायला वेगळ्या डब्यात घालायचं. पेटीत भरवलं की साप हात आत आला की अन्न समजून चावतो. आणि पिल्लू मायक्रोवेव्हमध्ये दहा सेकंद फिरवलं की छान गरम होतं, पटकन घेतो.

सरपट
कासवराव, दोन्ही नको. खाल्ल्या खाल्ल्या उचलून परत पेटीत टाकणं हे ओकण्याचं एक ठरलेलं कारण आहे. वेगळ्या डब्याची पद्धत जुनी, आता बहुतेक पाळणारे पेटीतच चिमट्याने भरवतात. हात बघून झेप घेत असेल तर आधी कागदाच्या गुंडाळीने डोक्याला हलकंसं शिवायचं. भूक आणि भेट यातला फरक साप थोड्याच दिवसांत ओळखतो. मायक्रोवेव्हमध्ये पिल्लू कुठे शिजतं, कुठे गार राहतं, कधी पोट फुटतं. पुढे कोण साफ करणार?

रीडिंगकर
मोजलं.

साप: मॅटच्या वर आतल्या तळाला २३.५, थंड बाजूला १९. प्रोब पेटीबाहेर, मॅटला चिकटवलेला, आणि थर्मोस्टॅटच्या पडद्यावर ३०.१ दिसतंय. फझी ४.५ ग्रॅम. मुलगा शाळेतून आल्यावर रोज पंधरा-वीस मिनिटं हातात घेतो, खायला घातल्याच्या दुसऱ्या दिवशीही.

गेको: बल्बखाली ४१, लांबच्या कोपऱ्यात २१. थर्मोस्टॅट नाही.

सरपट
सापाचं निदान तुमच्या आकड्यांतच आहे.

मॅट आणि साप यांच्यामध्ये दीड सेंटीमीटर जाडीची फळी आहे. लाकूड उष्णता अडवतं. मॅट खाली स्वतःपुरती ३० ला पोचते, प्रोब तिलाच चिकटलेला, त्यामुळे थर्मोस्टॅटला वाटतं काम झालं आणि तो वीज तोडतो. फळीच्या वर बसलेल्या सापाला मिळतात २३. यंत्र प्रामाणिकपणे काम करतंय, फक्त चुकीच्या जागेचं तापमान राखतंय. सेटिंग वाढवून हे सुटणार नाही, लाकडाखाली कोंडलेली मॅट जास्त तापवणं धोक्याचं.

सापाला स्वतःची ऊब नसते, पचन बाहेरच्या उष्णतेवर चालतं. पोटाखाली २८ ते ३० अंश नसतील तर पाचक रस मंद पडतात, पिल्लू पचण्याऐवजी पोटात कुजायला लागतं आणि साप ते बाहेर टाकतो. तिसरा दिवस म्हणूनच.

त्यात दोन गोष्टींची भर. १६ ग्रॅमच्या सापाला ४.५ ग्रॅमचं पिल्लू म्हणजे वजनाच्या २८ टक्के. या वयाला १० टक्क्यांच्या आसपास पुरे, म्हणजे दीड ग्रॅमची पिंकी, बिनलवेचं एक-दोन दिवसांचं पिल्लू. डोळ्यांनी बघायचं तर सापाच्या सगळ्यात जाड भागाइतकी किंवा त्याच्या सव्वापट जाडी. आणि खाल्ल्यावर ४८ तास हात नाही, पोटातला फुगवटा दिसत असेल तर तो जाईपर्यंत नाही.

आता पेटी. या वजनाच्या पिल्लाला ९० सेंमीची उघडी लाकडी पेटी फार मोठी वाटते, तो कोपऱ्यात दबून बसतो आणि उबेकडे जातच नाही. सरकत्या काचांमध्ये जी फट राहते तीतून एवढा साप निसटू शकतो, हे वेगळंच. सध्यापुरती ही व्यवस्था करा:

क्लिपचं झाकण असलेला ९ लिटरचा प्लास्टिकचा डबा. दोन्ही लांब बाजूंना ४ मिमीची दहा-बारा भोकं, आतून बाहेर पाडा, म्हणजे कडेचे काटे आत राहत नाहीत. मॅट साधारण १५ × २८ सेंमी, ७ वॅटची, डब्याच्या एक तृतीयांश भागाखाली. सगळ्या तळाखाली नको, सापाला गरम जागेतून निघून जाता आलं पाहिजे. डब्याच्या चारही कोपऱ्यांना खाली रबरी पाय चिकटवा, हवा खेळती राहते. प्रोब मॅट आणि डब्याचा तळ यांच्यामध्ये, टेपने घट्ट. आत ठेवलेला प्रोब साप कधीतरी डोक्याने उचलून बाजूला सारतो, मग मॅट थांबतच नाही आणि पोट भाजतं.

थर्मोस्टॅट ३२ वर लावून बघा, आतल्या तळाला २९ ते ३० यायला हवेत. कमी-जास्त असेल तर एकेक अंशाने फिरवा आणि दर वेळी काही तास थांबून पुन्हा मोजा. आत तळाला ३३ च्या वर कधीच नको. थंड बाजू २२ ते २४. खोली १९ असेल तर डबा बाहेरच्या भिंतीपासून आणि खिडकीपासून लांब, थोड्या उंच फळीवर ठेवा.

आत अ‍ॅस्पेन लाकडाचा भुसा, मॅटवर एक-दीड सेंमी, बाकी ठिकाणी चार-पाच सेंमी, म्हणजे तो बिळं करतो. देवदार आणि पाइनचा नको, त्यातली तेलं श्वासाला त्रास देतात. लपायला दोन जागा: एक गरम बाजूला, एक गार बाजूला. एकच ठेवली तर साप ऊब आणि सुरक्षितता यांतून सुरक्षितता निवडतो, आणि आपण म्हणतो, मॅट असूनही गार का? पाण्याचं भांडं गार बाजूला, लवंडणार नाही असं.

आता जेवण. दुसऱ्यांदा ओकलं त्या दिवसापासून १४ दिवस उपास, फक्त पाणी. कठोर वाटेल, पण अन्ननलिका आंबट रसाने सोलवटलेली असते. घाई केली की तिसऱ्यांदा, आणि मग वजन उतरत जातं. पंधराव्या दिवशी सगळ्यात लहान पिंकी, एक ग्रॅमच्या आसपासची, तिच्या पाठीवर ब्लेडने दोन बारीक चिरा, म्हणजे रस आत लवकर शिरतात. ती राहिली तर १० दिवसांनी पुन्हा तशीच. तीन वेळा नीट पचलं की दीड ग्रॅमची, दर ७ दिवसांनी. नंतर वजनाबरोबर वाढवत जायचं. पूर्ण वाढलेल्याला दोन-तीन आठवड्यांनी एक मोठा उंदीर पुरतो. लठ्ठ कॉर्न स्नेक ही आजकालची दुसरी टोकाची तक्रार आहे.

आधी एक रात्र फ्रीजमध्ये खालच्या खणात वितळवा. मग झिपच्या पिशवीत घालून ४० अंशांच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं. बोटांनी दाबून बघा, मध्ये कडक गाठ राहिली असेल तर अजून पाच मिनिटं, कारण आतून गोठलेलं पिल्लू हेही ओकण्याचं कारण. बाहेर काढून पुसून कोरडं करा, २५ ते ३० सेंमीच्या चिमट्याने कमरेला धरा, डोकं सापाकडे. डोक्यापासून गिळायचं त्याला सोपं. वीस मिनिटांत घेतलं नाही तर डब्यात सोडून दिवा मालवा. सकाळपर्यंत पडून राहिलं तर टाकून द्या, पुन्हा गोठवू नका.

नवीन व्यवस्था लावूनही ओकलं, किंवा वजन १४ ग्रॅमच्या खाली गेलं, तर ताजी विष्ठा डबीत घेऊन सरपटणाऱ्यांचा अनुभव असलेल्या व्हेटकडे. क्रिप्टोस्पोरिडियम या पोटातल्या परजीवीची तपासणी सांगा, कारण तापमान आणि मात्रा दोन्ही बरोबर असताना ओकणं हे त्याचं लक्षण असू शकतं. तोवर ज्या चिमट्याने आणि वाटीने सापाचं करता ते गेकोकडे नेऊ नका.

एकत्र ठेवण्याचा विचार सोडा. कॉर्न स्नेकची पिल्लं निसर्गात सरडे आणि पाली खातात. जाळीमागे का होईना, रोज तोंडासमोर ताट.

निशाचर
गेकोचं मी घेतो. सापाइतकं अवघड नाही, पण अडकलेली कात आजच बघायला हवी.

आधी बल्ब बंद करा. ४१ अंश हा पृष्ठभाग पोट भाजण्याइतका गरम आहे. लाल प्रकाश तिला दिसतो, त्यामुळे २४ तास तो म्हणजे रात्र कधी होतच नाही. लेपर्ड गेको तिन्हीसांजेला आणि पहाटे फिरणारा प्राणी, अंधार नसेल तर शिकारीला बाहेर येत नाही. तुमच्या शब्दांत ती ढुंकून बघत नाही, याचं अर्धं उत्तर इथेच.

त्याऐवजी ४०-५० वॅटचा हॅलोजन, डिमिंग (उजेड कमी-जास्त करणाऱ्या) थर्मोस्टॅटला जोडलेला, टाकीवरच्या जाळीच्या बाहेर. हॅलोजनला नुसता चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट लावू नका, बल्ब लवकर उडतो. बल्बखाली दोन-तीन सेंमी जाड काळी स्लेट किंवा फरशी, तिचा पृष्ठभाग ३३-३४. लांबच्या कोपऱ्यात २३-२५. दिवसा १२ तास चालू, रात्री पूर्ण बंद, खोली १८ पर्यंत उतरली तरी चालते. अतिनील ट्यूब हवी का यावर दोन मतं आहेत. मी लावण्याच्या बाजूचा: ५ ते ७ टक्क्यांची, सावलीतल्या प्राण्यांसाठी मिळते ती. दर वर्षी बदलायची, कारण दिसणारा उजेड तसाच राहतो आणि अतिनील घटतं. मधल्या काचेतून ते जवळजवळ जातच नाही, हेही विसरू नका.

वाळू काढून टाका, आजच. कॅल्शियमची कमतरता असलेला गेको वाळू चाटतो, ती ओल्या पोटात गोळा होऊन आतडं तुंबतं. सध्या तळाला साधा किचन पेपर. विष्ठा दिसते, कोरडी की ओली कळते. तब्येत सुधारली की फरशा, आणि कोपऱ्यात खणण्यापुरती माती. ६० सेंमी पुढेमागे कमी पडेल, ९० × ४५ चा तळ घ्या. या प्राण्याच्या बोटांना आपल्या घरातल्या पालीसारख्या चिकटपट्ट्या नसतात, काचेवर चढत नाही, म्हणून उंचीपेक्षा तळाला पैसे घाला.

आता बोटं. कात कडीसारखी घट्ट बसते, रक्त तुटतं आणि बोट काळं पडून गळतं. २९-३० अंशांचं पाणी, उंची एक सेंमी, त्यात तिला १५ मिनिटं उभी ठेवा. झाकण उघडं, तुम्ही समोर. मग ओल्या कॉटन बडने बोटाच्या टोकाकडे हळूच घरंगळवत काढा. एका दिवसात न निघालं तर उद्या परत. कोरडी कात नखाने ओढू नका, कातडी निघेल. पापणीखाली अडकली असेल तर व्हेट. या जातीला पापण्या असतात, आणि तिथे आपलं धाडस चालत नाही.

मुळात कात का अडकली? ओली गुहा नाही म्हणून. अर्धा किलो श्रीखंडाचा रिकामा डबा घ्या, धुऊन वास घालवा. एका बाजूला ५ सेंमीचं गोल भोक, कड सँडपेपरने गुळगुळीत. आत ओलसर स्फॅग्नम मॉस (शेवाळ), पिळल्यावर पाणी टपकणार नाही इतकंच. डबा मध्यापासून गरम बाजूला. दोन-तीन दिवसांनी फवारा, बुरशीचा वास आला की मॉस बदला. त्याशिवाय कोरड्या लपणाच्या जागा दोन, आणि पाणी रोज.

खाणं: रातकिड्यांऐवजी आधी लहान टोळ देऊन बघा, ते उजेडात स्थिर बसतात, गेकोला नेम धरता येतो. आकार तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढा, त्याहून मोठा नाही. पाच-सहा, दर दोन-तीन दिवसांनी. टोळांना आणि किड्यांना भरवायच्या २४ तास आधी गाजर, केलची पालेभाजी असं काही खायला घाला, म्हणजे त्यांच्या पोटातलं गेकोला मिळतं. कीटकांत फॉस्फरस कॅल्शियमपेक्षा कितीतरी जास्त, तो तोल सावरायला दर वेळी पावडर. प्लास्टिकच्या पिशवीत चिमूटभर टाकून किडे हलकेच हलवा. बांगड्याला रवा लावतात तितका थर नको, धूळ बसल्यासारखा पुरे. रोजचं साधं कॅल्शियम, ट्यूब असेल तर डी३ जीवनसत्त्व असलेलं महिन्यातून दोनदा, नसेल तर आठवड्यातून दोनदा. मल्टिव्हिटॅमिन पंधरवड्याला.

रात्री उरलेले रातकिडे काढून घ्या. भुकेलेले ते झोपलेल्या गेकोला चावतात. बागेतले किडे नाही, त्यांच्यावर फवारा असू शकतो, आणि काजवा तर कधीच नाही, तो सरपटणाऱ्यांना मारतो.

शेपटीचा सगळ्यात जाड भाग मानेइतका असावा, तो तिचा साठा. ४६ ग्रॅम ही अजून घाबरायची पातळी नाही. पण ४२ च्या खाली गेली, जबडा मऊ लागला, पाय थरथरले किंवा दहा दिवस विष्ठा नाही, तर वाट बघू नका.

पुणेरी_पाल
वाचणाऱ्यांपैकी कुणी इथे, भारतात, याच गोष्टीच्या मागे असेल तर दोन शब्द. आपल्या रानातला कुठलाही साप घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, धामण असो वा अजगर. परदेशी जातींचा प्रश्न वेगळा. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तीत साइटीस या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्यांतले प्राणी अनुसूची ४ मध्ये आले. त्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांप्रमाणे पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. बॉल पायथन हा आफ्रिकी अजगर त्यात येतो, विकणारा काहीही सांगो. कागद नाहीत तर घेऊ नका.

आणि इथली अडचण उलटी. एप्रिल-मेमध्ये वरच्या मजल्यावर स्लॅबखालची खोली ३५-३६ होते, तिथे हीटर कसला, थंड बाजूच उरत नाही. डबा खालच्या मजल्यावर, उत्तरेच्या खोलीत, आणि गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून डब्याच्या एका बाजूला बाहेरून टेकवा. पावसाळ्यात कोकणात अ‍ॅस्पेनला बुरशी धरते आणि सापाच्या पोटाचे खवले लाल पडतात. तेवढे चार महिने साधा कागद, दर दोन दिवसांनी बदलायचा.

रीडिंगकर
सगळ्यांचे आभार. डबा आणि नवीन मॅट मागवली. थोडे प्रश्न अजून.

आई पुढच्या महिन्यात सांगलीहून सहा महिन्यांसाठी येतेय. फ्रीजरमध्ये मटार, नारळ आणि शेजारी उंदीर, हे तिच्या कानावरही घालायची हिंमत नाही. काय करता येईल? फोनवर विचारत होती, नागपंचमीला त्याला दूध देता ना? आणि लाल बल्ब काढल्यावर मुलाला गेको रात्री दिसणार कशी?

सरपट
जिथे जेवण शिजतं तिथून हे बाहेर काढा. गॅरेजमध्ये छोटा फ्रीजर ठेवणं उत्तम. नसेल तर घट्ट झाकणाचा अपारदर्शक डबा, त्यात दुहेरी पिशवी, सगळ्यात खालच्या खणात. वितळवणंही त्याच डब्यात, फ्रीजमध्ये उघड्यावर नाही. वाटी आणि चिमटा वेगळे, नेलपॉलिशची खूण करून ठेवा, म्हणजे चुकून पोह्यांच्या वाटीत जाणार नाही. पाणी स्वयंपाकघरच्या सिंकमध्ये ओतायचं नाही, संडासात. साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू या प्राण्यांत ते अगदी निरोगी असतानाही असू शकतो. हात साबणाने २० सेकंद, मुलाने खास करून, आणि प्राणी ओठांजवळ नको.

आईंना सांगा, साप दूध पचवू शकत नाही. पंचमीला गारुड्याकडचे साप पितात ते तहानेने, आधी कित्येक दिवस पाणी तोडलेलं असतं. पाण्याचं भांडं त्या दिवशी बदला, तीच पूजा.

निशाचर
मुलाला सांगा, खोलीतला दिवा मंद ठेवून संध्याकाळी शांत बसायचं. आठ-दहा दिवसांत ती त्याच वेळी बाहेर यायला लागेल. टॉर्च मारायचा नाही.

हॅलोजन लावल्यावर पहिले तीन दिवस तापमान दिवसातून तीनदा लिहून ठेवा: सकाळी, दुपारी, दिवा जायच्या आधी. स्लेट ३६ दाखवत असेल तर जाळी आणि बल्ब यांतलं अंतर पाच सेंमी वाढवा, थर्मोस्टॅटला सगळं सोपवू नका.

सरपट
आणि सापाचं वजन रविवारी, पोट रिकामं असताना, एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर. डबा ठेवून शून्य करायचं, मग साप. पिंकी दिलेल्या तारखेपुढे तीन दिवसांनी एक खूण: राहिली की ओकली. ‘राहिली’च्या तीन खुणा जमल्या की धागा वर आणा, मग मात्रा वाढवू.